टक्का नको, दिवस मोजा

बुलढाणा जिल्ह्यात बेकार किती, हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. पाऊस किती मिलिमीटर झाला, बाजार समितीत कापूस किती क्विंटल आला, याचे उत्तर मिळते. तसे याचेही मिळायला हवे. पण ज्याने कुणी हे उत्तर शोधण्याचा खटाटोप केला असेल त्याला ठाऊक आहे, की जिल्ह्याच्या बेकारीचा म्हणून भरवशाचा आकडा आपल्यापाशी वर्षानुवर्षे नव्हता. देशाचा होता, राज्याचा होता. जिल्हा मात्र राज्याच्या सरासरीत विरघळून जात असे. मुंबई, पुणे आणि संग्रामपूर यांची सरासरी काढली की जे निघते, ते ना मुंबईचे असते, ना संग्रामपूरचे.

आता ही स्थिती बदलू लागली आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीची आखणी बदलली. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरण्यात आला आणि पाहणीतील घरांची संख्या सुमारे १ लाखावरून २ लाख ७२ हजारांवर गेली. तेव्हा आज ना उद्या बुलढाण्याचा, वाशीमचा, जालन्याचा स्वतंत्र टक्का चर्चेत येणारच. त्यावर अग्रलेख होतील, जिल्हा नियोजन समितीत भाषणे होतील. माझी धास्ती निराळीच आहे. तो टक्का लहान निघेल, आणि लहान निघाला म्हणून आपण निर्धास्त होऊ, ही ती धास्ती.

ती का वाटते, हे सांगण्यापूर्वी या जिल्ह्यातले काम कसे असते ते पाहायला हवे.

घाटावर आणि घाटाखाली

या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली पूर्णेच्या काळ्या जमिनीतले मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि पायथ्याचे मोताळा. रेल्वे घाटाखालून गेली. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र घाटावर, रेल्वेवाचून राहिले. खामगावला कापसासाठी १८७० साली जलंबहून स्वतंत्र फाटा काढण्यात आला आणि वऱ्हाडातली एक मोठी कापूसपेठ तिथे उभी राहिली. जिनिंग आणि प्रेसिंगच्या कारखान्यांनी या भागाला पहिली कारखानदारी दिली. ती कापसाच्या हंगामापुरतीच चाले. म्हणजे इथल्या कारखान्यातल्या कामगारालाही शेतमजुराप्रमाणे वर्षाचे काही महिनेच काम असे, आणि ही गोष्ट सव्वाशे-दीडशे वर्षे जुनी आहे.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार भरली. शंभरातली जवळपास ७९ माणसे खेड्यात राहणारी. खामगावचा साबणाचा कारखाना, मलकापूरजवळची दसरखेडची औद्योगिक वसाहत, शेगावच्या संस्थानाभोवती वाढलेला व्यवसाय अशी ठिकाणे सोडली, तर एवढ्या लोकांचा भार अखेर शेतीवरच येतो. आणि शेतीतले काम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फार बदलले आहे.

कापूस हे माणसांचे पीक. लावण, निंदण, डवरणी, फवारणी, आणि मग दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन माघापर्यंत चालणाऱ्या तीन-तीन, चार-चार वेचण्या. वेचणी अजूनही बायकांच्या बोटांनीच होते आणि मजुरी किलोवर मिळते. १९९० नंतर विदर्भात, विशेषतः घाटावर, सोयाबीनने पाय पसरले. शेतकऱ्याने ते का घेतले हे समजण्यासारखे आहे. शंभर-सव्वाशे दिवसांत पीक हाती येते, खर्च कमी, पैसा लवकर मोकळा होतो. पण त्याला माणसे कमी लागतात. पेरणी ट्रॅक्टरने, निंदणाच्या जागी तणनाशक, सोंगणी टोळ्यांना उक्ती देऊन आठ-पंधरा दिवसांत संपते, मळणी यंत्रावर. ज्या शिवारात मजूर बाई चार-पाच महिने सुटी-सुटी का होईना, कामाला जात होती, तिथे तिचे काम काही आठवड्यांत आटोपू लागले. पाणी असेल तिथे पुढे हरभरा किंवा गहू. नसेल तिथे दसऱ्यानंतर शेत उघडे आणि हात रिकामे. गुढीपाडव्याला सालाचा करार करणारा सालदारही आता क्वचित दिसतो.

या सगळ्यात कुणाची नोकरी गेली नाही. कुणाला काढून टाकले नाही. फक्त दिवस गेले. बेकारीचा टक्का माणसे मोजतो, दिवस मोजत नाही, आणि घोळ नेमका इथे आहे.

एका घराचे तीन टक्के

आपल्याकडे बेकारी कशी मोजावी यावर विचार झाला नाही असे कुणी म्हणू नये. प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली अहवाल दिला. युरोपातल्या पगारदार समाजासाठी केलेले मोजमाप भारतातल्या शेतीला लागू पडत नाही, इथे एकाच आकड्यात बेकारी सांगता येणार नाही, असा त्या विचाराचा गाभा होता. त्यातून राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ पासून तीन मापे वापरात आणली. एक, वर्षभराची नेहमीची स्थिती. दोन, मागच्या सात दिवसांची साप्ताहिक स्थिती. तीन, त्याच सात दिवसांतल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब, म्हणजे दैनिक स्थिती.

या मापांत काय फरक पडतो? उदाहरणासाठी मेहकर तालुक्यातले एक घर कल्पून पाहू. दोन एकर कोरडवाहू जमीन. नवरा-बायको दोघेही मजुरीला जाणारे. थोरला मुलगा पुण्याकडे चाकणच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला. त्याची बायको घरी. धाकटा मुलगा बी.ए. होऊन पोलीस भरतीची तयारी करतो आणि हंगामात महिना-दीड महिना घरच्या शेतात राबतो. एप्रिलच्या एका आठवड्यात पाहणीचा कर्मचारी दारात येतो. त्या आठवड्यात बापाला दोन दिवस काम मिळाले, आईला एक दिवस. उरलेले दिवस दोघेही काम मिळाले असते तर गेले असते.

पहिले माप लावा. बाप आणि आई वर्षातला बराच काळ काम करतात, म्हणून कामकरी. धाकट्याने वर्षात तीस दिवसांहून अधिक घरच्या शेतात काम केले, म्हणून पूरक कामाच्या हिशेबात तोही कामकरी. मजुरी मिळाली की नाही हा प्रश्न नाही. बेकार कुणीच नाही. टक्का शून्य.

दुसरे माप. सात दिवसांत एक तास जरी काम केले तरी माणूस त्या आठवड्यापुरता कामकरी ठरतो. बाप कामकरी, आई कामकरी. धाकट्याला एप्रिलमध्ये शेतात काम नाही आणि तो काम शोधतो आहे, म्हणून तो बेकार. तिघांत एक. टक्का ३३.

तिसरे माप. तिघांचे मिळून एकवीस दिवस. काम झाले तीन दिवस, अठरा दिवस रिकामे. टक्का ८६.

घर तेच, आठवडा तोच. शून्य, तेहतीस आणि शहाऐंशी. तिन्ही आकडे नियमाप्रमाणे बरोबर. आता घरातल्या चुलीला विचारा, यातला कोणता आकडा तिला ओळखीचा वाटतो.

या हिशेबात न आलेली दोन माणसे राहिलीच. थोरला सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहतो, त्यामुळे तो या घराचा सदस्यच धरला जात नाही. त्याची गणती झालीच तर पुणे जिल्ह्यात होईल, आणि तीही कामकरी म्हणून. जिल्ह्यात काम नाही म्हणून गेलेला माणूस जिल्ह्याच्या बेकारीतून वजा होतो. जितके अधिक जण जातील तितका जिल्ह्याचा टक्का सुधारेल. दुसरी त्याची बायको. ती चारा-सरपण आणते, सासू कामाला गेली की घर ओढते. पाहणीत अशा कामासाठी स्वतंत्र संकेतांक आहे, पण तो श्रमबळाच्या बाहेरचा. ती कामकरीही नाही आणि बेकारही नाही.

यात पाहणी करणाऱ्यांचा दोष नाही. तिन्ही मापे मांडणाऱ्यांनी ती एकत्र वाचायची म्हणूनच मांडली होती. २००४-०५ च्या पाहणीत देशाचा बेकारीचा दर नेहमीच्या स्थितीनुसार २.३ टक्के होता आणि दैनिक स्थितीनुसार ८.२ टक्के. २०११-१२ साली हेच आकडे २.२ आणि ५.६ होते. म्हणजे खरी बेकारी त्या पहिल्या आकड्याच्या अडीच ते साडेतीन पट होती, आणि ती दिवसांत लपलेली होती. २०१७ पासून सुरू झालेल्या नव्या पाहणीच्या ठळक आकड्यांत मात्र वर्षाचा आणि आठवड्याचा दर असतो; दिवसाचा दर मागे पडला आहे.

टक्का उतरतो तेव्हा

या नव्या पाहणीचा पहिला आकडा २०१७-१८ चा होता, ६.१ टक्के. त्यावरून मोठे वादळ उठले. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला आणि वादळ शमले. ग्रामीण भागाचा दर तर अवघा २.५ टक्के. पण त्याच अहवालात आणखी एक तक्ता असतो. २०१७-१८ मध्ये देशातल्या शंभर कामकऱ्यांत स्वयंरोजगारी ५२ होते. २०२३-२४ मध्ये ते ५८ झाले. नियमित पगारावर असणारे २३ होते, ते २२ वर आले. याच काळात श्रमबळात मोजल्या जाणाऱ्या ग्रामीण बायकांचे प्रमाण जवळपास २५ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेले. स्वयंरोजगार या भारदस्त शब्दात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनमजुरीने राबणारी माणसेही येतात. बेकारी हटली ती सगळी नोकऱ्या निघाल्या म्हणून हटली नाही. बरीच माणसे दोन एकरांत मुरली आणि कामकरी म्हणून नोंदली गेली.

बेकार राहणे हे ज्याला परवडते तोच बेकार राहू शकतो. पगाराची वाट पाहत वर्ष-दोन वर्षे काढायची तर मागे कुणीतरी खाऊ घालणारे लागते. म्हणून बेकारीचा दर अशिक्षितांत कमी आणि पदवीधरांत जास्त दिसतो. देशात पदवीधरांतला दर २०२२-२३ मध्ये १३ टक्क्यांच्या घरात होता. गरिबाला मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीत, मिळेल तितके दिवस करावे लागते. त्याचा टक्का लहान असणे हे त्याच्या अडचणीचे माप आहे. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. ज्यांच्यामुळे ते जाहीर करावे लागले, ते शेतकरी कोणत्याही सरकारी व्याख्येत बेकार नव्हते. ते सगळे स्वयंरोजगारी होते.

कार्डापासून अभ्यासिकेपर्यंत

जिल्ह्याचा म्हणून एक आकडा पूर्वी मिळत असे, तो सेवायोजन कार्यालयाचा. दहावी-बारावी झाली की मुलगा जिल्ह्याच्या गावी जाऊन नाव नोंदवी, कार्ड मिळवी, मुदतीत त्याचे नूतनीकरण करी आणि कॉलची वाट पाही. १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले होते. भरती त्यातूनच करा असे मात्र सांगितले नव्हते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या या कार्यालयाच्या यादीवर न थांबता वृत्तपत्रांत जाहिरात देऊनही उमेदवार बोलवावेत असे म्हटले. ते न्याय्यच होते, पण कार्डाचे उरलेसुरले वजन त्यानंतर गेले. आता नोंदणी संगणकावर होते. त्या नोंदवहीत नोकरीला लागलेले पण नाव न काढलेलेही असतात, आणि नाव नोंदवून उपयोग नाही म्हणून न नोंदवलेलेही असतात. बेकारी मोजायला ती वही तेव्हाही अपुरी होती.

कार्डाची जागा आता अभ्यासिकेने घेतली आहे. खामगाव, चिखली, बुलढाणा, मेहकर अशा कोणत्याही गावात महिन्याची फी घेऊन टेबल-खुर्ची देणाऱ्या खोल्या दिसतात आणि पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी भरतीची मुले दिसतात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी राज्यभरातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागा आणि साडेसतरा लाखांवर अर्ज. म्हणजे एका जागेमागे शंभर. हे आकडे मला बेकारीच्या कोणत्याही टक्क्यापेक्षा जास्त बोलके वाटतात, कारण इथे कर्मचाऱ्याने विचारलेले नाही. मुलांनी स्वतः पैसे भरून आपली गरज नोंदवलेली आहे.

हजेरीपटाचा धडा

गरज स्वतः नोंदवण्याची एक पद्धत महाराष्ट्राने पूर्वीच शोधून काढली होती. १९७२ च्या दुष्काळात राज्यात खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला माणसे उतरली; १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला त्यातून बळ मिळाले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि त्यांनी तो भरला. त्या योजनेतला भ्रष्टाचार, अर्धवट तलाव, वाहून गेलेले रस्ते हे सगळे खरे. तरीही तिने नकळत एक साधन दिले होते, ते म्हणजे हजेरीपट. भर उन्हात खडी फोडायला कुणी हौसेने येत नाही. जो आला त्याला दुसरे काम नव्हते, यापेक्षा निर्विवाद पुरावा कोणता? कुठल्या तालुक्यात, कुठल्या महिन्यात, किती दिवसांची गरज आहे, हे त्या पटावर उमटत असे.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने शंभर दिवसांची हमी देशभर नेली. प्रत्यक्षात देशाची सरासरी दर घरामागे पन्नास दिवसांच्या आसपास राहिली. शिवाय एक खोड शिरली. काम मंजूर झाले की मगच मागणीचा अर्ज लिहून घ्यायचा. त्यामुळे मागणी आणि पुरवठा कागदावर जुळतात, भत्ता देण्याची वेळ येत नाही, आणि काम नसताना मागणारा माणूस नोंदीबाहेर राहतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांची हमी सांगणारा नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभर असोत की सव्वाशे, मागणी खरी नोंदवली गेली नाही तर हमीला अर्थ उरत नाही.

काय मागायचे

आकड्यांचा एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कुणी विचारील. आकड्यांवर पैसा चालतो म्हणून. १९८३ साली नेमलेल्या डॉ. वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोल मोजायला जिल्ह्याची तुलना राज्याच्या सरासरीशी केली आणि अनुशेष हा शब्द घराघरात गेला. रस्ते, सिंचन, विजेचे पंप, शाळा यांत आपण किती मागे हे तेव्हा कळले, कारण त्या गोष्टी मोजता आल्या. हाताला न मिळालेल्या कामाचा अनुशेष मात्र कुणी तसा मांडला नाही. उद्या बुलढाण्याचा टक्का राज्यापेक्षा कमी निघाला, तर इथे काम भरपूर आहे असा निष्कर्ष काढायला मुंबईत वेळ लागणार नाही.

म्हणून जिल्ह्याचे आकडे येण्याआधीच आपली मागणी ठरली पाहिजे. जिल्ह्याचा बेकारीचा दर देताना दैनिक स्थितीचा दर त्याच्या शेजारी छापा. वर्षाची सरासरी एकटी देऊ नका. सोंगणीचा ऑक्टोबर आणि कोरडा एप्रिल वेगळे दाखवा. कामासाठी जिल्हा सोडून गेलेली माणसे किती, हे त्याच तक्त्यात येऊ द्या. दर जिल्ह्यात पाहणीची गावे मोजकीच येतात, तेव्हा त्या आकड्याला किती चूकभूल धरायची तेही सांगा. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही, आणि पुढची २०२७ ची ठरली आहे. तोवर गावांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत काम मागणाऱ्याची नोंद तारीखवार होऊन तिची पोच त्याच्या हातात पडली, आणि महिन्याच्या शेवटी किती दिवस मागितले, किती मिळाले, हे दोनच आकडे फळ्यावर लिहिले, तरी कोणत्याही पाहणीपेक्षा ते जास्त सांगतील. त्याला नवा कायदा लागत नाही, नवे कार्यालय लागत नाही. खडू लागतो आणि खरे लिहिण्याची तयारी लागते.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे. त्यावरून माल येईल, कारखाने येतील, अशी आशा मेहकर आणि सिंदखेड राजाकडचा माणूस धरून आहे. येवोत. पण रस्ता दोन्ही दिशांना जातो, आणि तूर्त त्यावरून माणसेच बाहेर जात आहेत. ती किती गेली आणि मागे राहिलेल्यांना महिन्याला किती दिवस काम लागले, हे ज्या दिवशी आपण नीट मोजू, त्या दिवशी या जिल्ह्याच्या नियोजनाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.